वीज घेणारे आणि वीज देणारे

मंडळी, गावच्या डेअरीवर रोज काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी एक लिटर दूध घेऊन येतो, कोणी दहा लिटर. दूध मोजतात. फॅट पाहतात. वहीत आकडा पडतो. दहा दिवसांनी हिशोब होतो आणि पैसे हाती येतात. ज्याची म्हैस आटली, तो चार महिने दूध विकत घेतो. म्हैस व्याली की तोच पुन्हा डेअरीला दूध घालू लागतो. म्हणजे एकच माणूस कधी घेणारा असतो, तर कधी देणारा.

दुधाचे असे होते. मग विजेचे असे का होऊ नये?

हा प्रश्न आमचा नव्हे. एका गावी रात्रीच्या वर्गात एका मावशींनी तो विचारला. वर्ग निम्म्यावर आला होता. तेवढ्यात एक शेतकरी पाटी आवरून उठले. आम्ही म्हटले, "दादा, एवढ्यात निघालात?"

ते म्हणाले, "गुरुजी, ह्या आठवड्यात रात्रीची लाईट हाय. बाराला मोटर चालू करायची. उसाला दारं धरायचंय."

कोणी तरी म्हणाले, "जपून जा रं. परवा बिबट्या दिसलाय वड्याला."

दादा हसले आणि गेले. पण त्या हसण्यात भीती होती. रात्री शेतावर जायचे म्हणजे साप, विंचू आणि जनावर यांची भीती असतेच. पण पीक वाळू देता येत नाही.

तेव्हा मावशी बोलल्या, "दिवसभर पत्र्यावर ऊन रखरखतं. घरात बसवत न्हाई. त्या उनाची वीज होती म्हणत्यात. मग आमच्या पत्र्यावरची वीज डेअरीवानी कोण घेत का न्हाई?"

आम्ही म्हणालो, "मावशी, घेतात. आज आपल्या देशात लाखो घरांची वीज अशी घेतली जाते."

वर्ग पुन्हा बसला. त्या रात्री जे बोलणे झाले, तेच आता आम्ही सविस्तर सांगत आहोत.

वीज येते कोठून?

आपल्या घरातील दिव्याची वीज फार लांबून येते. सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे. तेथे पाणी उंचावरून खाली सोडतात. पाण्याच्या जोराने मोठी चाके फिरतात आणि वीज होते. चंद्रपूरला दगडी कोळसा जाळतात. त्यावर पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने चाके फिरतात आणि वीज होते.

ही वीज उंच मनोऱ्यांवरच्या जाड तारांतून दूरवर जाते. मग सबस्टेशनात येते. तेथून गावच्या डीपीवर येते. डीपीवरून खांबावर, खांबावरून मीटरमध्ये आणि मीटरमधून आपल्या दिव्यात येते.

ही वाट वर्षानुवर्षे एकाच बाजूची होती. कारखाना वीज देणार आणि आपण ती घेणार. पाटाचे पाणी जसे धरणाकडून शेताकडे येते, पण शेताकडून धरणाकडे जात नाही, तशीच ही गोष्ट होती.

आता ही वाट दुहेरी झाली आहे. आपल्या छपरावरची वीजही त्याच तारेने बाहेर जाऊ शकते. आपल्याला नको असलेली वीज शेजारच्या गिरणीला मिळू शकते, शाळेला मिळू शकते.

वीज कणगीत ठेवता येत नाही

ही गोष्ट नीट समजण्यासाठी विजेचा एक मोठा गुण ध्यानात ठेवला पाहिजे. ज्वारी पिकली की आपण कणगीत भरतो आणि वर्षभर खातो. विजेचे तसे नाही. तारेतली वीज ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी ती कोठे तरी वापरली गेली पाहिजे. साठवायची असेल तर बॅटरी लागते, आणि मोठी बॅटरी फार महाग असते.

तराजू डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात तयार होणारी वीज. दुसऱ्या पारड्यात वापरली जाणारी वीज. दोन्ही पारडी सदा सारखी राहिली पाहिजेत. एक पारडे एकदम खाली गेले की सगळे बिघडते.

साऱ्या देशाच्या तारा आता एकमेकींना जोडलेल्या आहेत. उत्तरेच्या, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या तारा आधीच जोडलेल्या होत्या. २०१३ सालच्या ३१ डिसेंबरला दक्षिणेकडील जाळेही त्यांना जोडले गेले. तेव्हापासून साऱ्या देशाचे एकच जाळे झाले. या जाळ्यालाच ग्रिड म्हणतात.

हे जाळे बिघडले म्हणजे काय होते? २०१२ सालच्या जुलै महिन्यात ते दिसले. ३० तारखेला उत्तर भारताची वीज गेली. ती सावरते न सावरते तोच ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन भागांचे जाळे कोसळले. सुमारे ६० कोटी लोक राहतात एवढ्या मुलुखातली वीज गेली. आगगाड्या वाटेत थांबल्या. दिल्लीची मेट्रो बंद पडली. आपला महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात होता, म्हणून वाचला.

उलटही होते. २०२० सालच्या ५ एप्रिलला रात्री ९ वाजता लोकांनी ९ मिनिटे घरचे दिवे मालवले होते. तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी देशाची विजेची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने एकदम खाली आली. म्हणजे पारडे एकदम वर गेले. पण जाळे राखणारी माणसे आधीच तयारीत होती. त्यांनी धरणांवरची वीज झटपट कमी केली आणि दिवे लागताच ती पुन्हा वाढवली. जाळे शाबूत राहिले.

तात्पर्य काय? जाळे राखणे म्हणजे सतत तराजू धरून उभे राहणे. हे काम रात्रंदिवस चालू असते.

उन्हाची वीज कशी होते?

छपरावर सोलरच्या प्लेटा बसवतात. वाळूपासून सिलिकॉन नावाचा पदार्थ काढतात. प्लेटेमध्ये त्याच्या पातळ चकत्या असतात. त्यांवर ऊन पडले की आत वीज वाहू लागते. त्यात चाक नाही, वाफ नाही, धूर नाही आणि आवाजही नाही.

ही वीज बॅटरीतल्या विजेसारखी एकाच दिशेने वाहणारी असते. तारेतली वीज मात्र सेकंदाला ५० वेळा मागेपुढे झुलणारी असते. म्हणून प्लेटा आणि मीटर यांच्यामध्ये एक पेटी बसवतात. तिला इन्व्हर्टर म्हणतात. ती प्लेटांच्या विजेला तारेतल्या विजेची चाल लावते. लेझमीच्या फडात नवा गडी आला, तर त्याने बाकीच्यांच्या ठेक्यावरच पाऊल टाकायचे असते. तसेच हे आहे.

आता थोडा हिशोब करू. विजेचे माप युनिट. १० वॅटचा एलईडी दिवा १०० तास जळला की एक युनिट होते. एक किलोवॅटच्या प्लेटांना सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. आपल्याकडच्या उन्हात त्या वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे वीज देतात. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. रात्री काहीच नाही.

मीटर दोन्हीकडून मोजतो

एका घरावर २ किलोवॅटच्या प्लेटा आहेत असे समजा. दिवसाला ८ युनिटे होतात. महिन्याला २४० युनिटे झाली.

दुपारी घरात पंखा, टीव्ही, फ्रीज चालतो. त्यात महिन्याला ६० युनिटे घरच्या घरीच खपली. राहिली १८०. ती तारेने बाहेर गेली. रात्री ऊन नसते. म्हणून रात्री तारेतून वीज घेतली. ती महिन्याला १२० युनिटे झाली.

आता मीटर काय सांगतो? दिली १८०. घेतली १२०. म्हणजे ६० युनिटे आपली जाळ्याकडे शिल्लक. ती पुढच्या महिन्याच्या हिशोबात धरतात. पावसाळ्यात वीज कमी पडली की ती उपयोगी येतात. अशा मोजणीला नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्रात तिचे नियम २०१५ साली झाले. पुढे २०२० साली केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. ग्राहक हा वीज तयार करणाराही असू शकतो, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे.

वर्षाच्या शेवटीही काही युनिटे शिल्लक राहिली तर त्यांचे पैसे मिळतात. पण त्यांचा भाव आपण विजेला देतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणून घराला लागेल तेवढ्याच प्लेटा बसवणे शहाणपणाचे. सारे छप्पर भरून टाकले म्हणजे जास्त कमाई होईल, असे मात्र नाही.

जाळे शहाणे का व्हावे लागते?

वर्गात एका तरुणाने विचारले, "एवढं सोपं आहे, तर सगळ्या गावानं प्लेटा बसवाव्यात. अडचण कसली?"

अडचण आहे. ती तराजूची आहे.

भर दुपारी शंभर घरांची वीज एकदम तारेत आली. त्या वेळी गावात वापर थोडा. माणसे शेतावर. मग तारेतला दाब वाढतो. दाब फार वाढला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. डीपीलाही मर्यादा असते. ती ठराविक भारच पेलते. उलट संध्याकाळी सात वाजता ऊन नसते आणि घराघरांत दिवे लागतात. तेव्हा वीज कमी पडते. दुपारी सुकाळ आणि संध्याकाळी दुष्काळ, असा प्रकार होतो.

देशातली सूर्यविजेची क्षमता २०२५ सालच्या जानेवारीत १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. तेव्हा ही अडचण आता एका गावाची राहिली नाही.

पूर्वी वीज देणारे कारखाने मोजके होते. फोन करून त्यांना सांगता येत असे, "वीज वाढवा" किंवा "वीज कमी करा." आता देणारी घरे लाखो झाली. प्रत्येकाला फोन कोण करणार? म्हणून तारेबरोबर निरोपही जावा-यावा लागतो. जे जाळे वीज वाहते आणि निरोपही वाहते, त्याला स्मार्ट ग्रिड म्हणतात. आपण त्याला शहाणे जाळे म्हणू.

शहाण्या जाळ्यात काय काय असते?

पहिला असतो स्मार्ट मीटर. किती वीज घेतली, किती दिली आणि कोणत्या वेळी, हे तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप कळवतो. मीटर पाहायला माणूस येण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, डीपीवर आणि सबस्टेशनात बसवलेली मोजमापाची यंत्रे. कोठे भार वाढला, कोठे तार तुटली, हे ती सांगतात.

तिसरी गोष्ट, वेळेप्रमाणे भाव. दुपारी वीज मुबलक असते, तेव्हा ती स्वस्त द्यायची. संध्याकाळी ओढ असते, तेव्हा ती महाग. मग गिरणीवाला दुपारी दळण काढतो. पाण्याची टाकी दुपारी भरली जाते. वापर उन्हाच्या मागे चालू लागतो.

चौथी गोष्ट, बॅटरी. दुपारची वीज थोडी साठवून ती संध्याकाळी सोडायची.

याचे एक उदाहरण गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यात मोढेरा नावाचे गाव आहे. तेथे अकराव्या शतकातले सूर्याचे मंदिर आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरात हे गाव रात्रंदिवस सूर्याच्या विजेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेथे १,३०० हून अधिक घरांवर एक-एक किलोवॅटच्या प्लेटा आहेत. जवळच ६ मेगावॅटचे सूर्यविजेचे केंद्र आहे. आणि १५,००० युनिटे साठवणारी मोठी बॅटरी आहे. दिवसा प्लेटा काम करतात. रात्री बॅटरी काम करते.

शेतात पिकलेली वीज

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट सांगतो. तीही गुजरातेतलीच आहे. खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे गाव आहे. खेडा जिल्हा म्हणजे दुधाचा जिल्हा. १९४६ साली तेथील शेतकऱ्यांनी सहकारी दूध संघ काढला, आणि त्यातून अमूलचा पसारा उभा राहिला.

त्याच जिल्ह्यात धुंडीच्या सहा शेतकऱ्यांनी विजेची सहकारी मंडळी काढली. त्यांची पिके डिझेलच्या इंजिनावर होती. डिझेलला पैसा फार लागे. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना हात दिला. शेतात प्लेटा आणि सौर पंप बसले. सहाही जणांच्या प्लेटा मिळून सुमारे ५६ किलोवॅटच्या झाल्या.

पण नुसता सौर पंप बसवला तर एक गोष्ट वाया जाते. पंप वर्षभर रोज चालत नाही. पाऊस पडला की तो बंद. पीक निघाले की तो बंद. प्लेटा मात्र रोज उन्हात असतात. पंप बंद असताना त्यांची वीज कोणाच्याच कामी येत नाही.

धुंडीच्या लोकांनी आपले पंप तारेला जोडले. २०१६ साली सरकारी वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला. पाण्याला लागेल तेव्हा वीज पंपाला. उरेल ती कंपनीला. भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. शिवाय सुरुवातीला त्या संस्थेने उत्तेजन म्हणून युनिटमागे अडीच रुपये वर दिले. मंडळीची वीज एकाच मीटरवर मोजून कंपनीला जाते. मंडळीत कोणाची किती, हा हिशोब मंडळी करते. म्हणजे डेअरीचीच रीत.

यात पैशापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची आहे. ती लक्षपूर्वक वाचा.

शेतीची वीज फुकट किंवा अगदी स्वस्त असली, तर मोटर कोणी बंद करीत नाही. वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून कळ चालूच ठेवतात. पाणी पाटातून वाहत राहते. विहिरीचे पाणी खोल जाते. बोअर आणखी खोल घ्यावे लागते. उन्हाच्या विजेला तर काहीच पैसे पडत नाहीत. मग मोटर दिवसभर चालेल आणि विहीर लवकर आटेल. ही भीती खरी आहे.

पण वाचवलेल्या प्रत्येक युनिटला भाव मिळू लागला, तर शेतकरी विचार करतो. "आज पाण्याची गरज आहे काय? नसेल तर वीज विकू." पाणी जमिनीत राहते आणि पैसा घरात येतो. शिवाय पाणी द्यायचे ते दिवसा उजेडी देता येते. रात्री कंदील घेऊन बांधावर जावे लागत नाही. आमच्या वर्गातल्या दादांना हीच गोष्ट हवी होती.

आपल्या महाराष्ट्रातही शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सूर्यविजेची केंद्रे उभारली जात आहेत. २०२३ साली या योजनेला नवे रूप दिले गेले. केंद्रासाठी खाजगी जमीन भाड्याने घ्यायची, आणि भाडे वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये द्यायचे, असे तेव्हा ठरले. माळरानावर जेथे कुसळे उगवतात तेथे वीज पिकू शकते. पण आम्ही एवढेच म्हणू, की चांगली काळी जमीन आणि गुरांचे गायरान यांचा विचार ग्रामसभेत आधी झाला पाहिजे. पोटाला धान्य आणि गुरांना चारा आधी, बाकी मागून.

सातारा जिल्ह्यातले एक गाव

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे शंभराच्या आसपास वीजजोडण्या आहेत. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये हे गाव राज्यातले पहिले सौरग्राम झाले. घराघरावर प्लेटा बसल्या. रस्त्यावरचे दिवे आणि गावची सार्वजनिक कामेही सूर्याच्या विजेवर आली. गंमत अशी, की कोयनेचे धरणही याच तालुक्यात. एकाच तालुक्यात पाण्याची वीज आणि उन्हाचीही वीज.

घरावर प्लेटा बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ साली सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरे हे तिचे लक्ष्य ठरले. पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये, असे तिच्यात ठरले. प्लेटांचा खर्च किलोवॅटला साधारण ५० ते ६० हजार रुपये येतो. म्हणजे सुमारे निम्मा भार हलका होतो. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी नियम काय आहे, तो मात्र वीज कार्यालयात विचारून घ्या.

फसू नका, घाई करू नका

कोणतीही नवी गोष्ट आली की तिच्याबरोबर चार लबाडही येतात. म्हणून काही गोष्टी सांगतो.

कागद वाचल्याशिवाय अंगठा नको आणि सहीही नको. किती किलोवॅट, किती रुपये, कर्जाचा हप्ता किती, दुरुस्ती किती वर्षे कोण करणार, हे सारे कागदावर लिहिलेले असले पाहिजे. तोंडी बोलणे हवेत जाते.

"बिल शून्य होईल" असे कोणी सांगितले तर लगेच भुलू नका. विजेचे बिल शून्य युनिटांचे झाले तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. तो तारेचा आणि खांबांचा खर्च आहे.

प्लेटांवर सावली पडू देऊ नका. एका फांदीच्या सावलीनेही वीज बरीच घटते. धूळ बसली तर सकाळी पाण्याने धुवा. छप्पर आणि त्याचे वासे भार पेलतील काय, वादळात प्लेटा टिकतील काय, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्या.

आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बॅटरी नसेल तर, गावची लाईट गेली की आपल्या प्लेटांची वीजही बंद होते. मग भर उन्हात पंखा का फिरत नाही म्हणून माणसे चिडतात. पण यामागे मोठे कारण आहे. लाईट गेली की वायरमन खांबावर चढतो. तार मेलेली आहे असे समजून तो तिला हात लावतो. त्या वेळी आपल्या छपरावरची वीज तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तो थांबतो म्हणून एका घरचा कर्ता माणूस संध्याकाळी घरी परततो. तेव्हा जोडणी स्वतःच्या हाताने कधी करू नका. त्या पेटीत कोणाला खटपटही करू देऊ नका.

ज्याला छप्पर नाही त्याचे काय?

त्या रात्री वर्गात शेवटी एक मजूर बोलले. ते म्हणाले, "गुरुजी, ज्याचं पक्कं घर त्याच्या प्लेटा. आमचं कुडाचं घर. आमचं काय?"

हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळता येणार नाही. तारा, खांब, डीपी यांचा खर्च सगळ्या ग्राहकांनी मिळून उचललेला असतो. सधन माणसांनी प्लेटा बसवल्या आणि त्यांची बिले उतरली, तर हा खर्च कोणावर पडेल? ज्यांच्याकडे प्लेटा नाहीत त्यांच्यावर. म्हणून देणाऱ्याला योग्य भाव मिळावा, आणि न देणाऱ्यावर बोजा पडू नये, असे दोन्ही साधावे लागते. विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगापुढे हाच वाद चालू असतो. त्या सुनावणीत साध्या ग्राहकालाही आपले म्हणणे मांडता येते.

गावालाही काही करता येते. शाळेच्या छपरावर प्लेटा बसवता येतात. पाणीपुरवठ्याचा पंप उन्हावर चालवता येतो. ग्रामपंचायतीचे वीजबिल वाचले तर तो पैसा सगळ्यांच्या कामी येतो. कुडाच्या घरात राहणाऱ्यालाही नळाचे पाणी मिळते. डेअरी जशी एकट्याची नसते, तसे हे कामही चौघांनी मिळून केले तर चांगले होते.

मीटर वाचायला शिका

पुढच्या खेपेला आम्ही त्या गावी गेलो, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना आपापले लाईटबिल आणायला सांगितले होते. धड्याचे पुस्तक बाजूला ठेवले. सगळ्यांनी बिल वाचले. मागचा आकडा, चालू आकडा, दोहोंची वजाबाकी, युनिटे, स्थिर आकार. मावशींनी बोट ठेवून एक-एक ओळ वाचली. मग म्हणाल्या, "एवढी वर्सं पैसं भरलं. कशाचं भरलं, ते आज कळलं."

रात्री पाणी धरायला जाणारे दादाही होते. त्यांनी वहीत हिशोब मांडला होता. मोटर पाच अश्वशक्तीची. म्हणजे तासाला सुमारे पावणेचार युनिटे. पाच तास चालली तर पावणेएकोणीस. वजाबाकी-बेरीज त्यांची बरोबर होती.

त्यांच्या गावात अजून प्लेटा बसलेल्या नाहीत. ऊस अजून रात्रीच भिजतो. पण ग्रामसभेत हा विषय मांडायचा असे त्यांनी ठरवले आहे. शाळेच्या छपरापासून सुरुवात करावी, असा त्यांचा विचार आहे. अर्ज लिहायला त्यांना आता दुसऱ्याची गरज लागली नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

मंडळी, तुमच्या घरीही मीटर आहे. उद्या सकाळी त्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा लिहा. दोहोंची वजाबाकी करा. किती वीज घेतली ते कळेल. जो घेतलेले मोजतो, त्यालाच पुढे दिलेलेही मोजता येईल.